प्रत पोचते कोणत्या वाटेने?

स्टोरेज विकत घेताना माणसे खूप प्रश्न विचारतात. क्षमता किती, डिस्क कोणत्या, कॉम्प्रेशन किती मिळेल, सपोर्ट किती वर्षांचा. रेप्लिकेशनचे लायसन्स किमतीत धरले आहे का, हेही विचारतात. पण त्या रेप्लिकेशनची पॅकेट्स पेटीच्या कोणत्या पोर्टमधून बाहेर पडणार आणि पलीकडची उत्तरे कोणत्या पोर्टवर परत येणार, हा प्रश्न टेंडरच्या कागदांत मला क्वचितच आढळला आहे. पेटी बसवायला आलेला इंजिनिअर तो विचारतो, तेव्हा स्टोरेजवाले नेटवर्कवाल्यांकडे बघतात. नेटवर्कवाले म्हणतात, "पेटी तुमची, तुम्ही ठरवा, आम्हाला फक्त आयपी आणि व्हीलॅन सांगा." संध्याकाळ होत आलेली असते. इंजिनिअर एक डीफॉल्ट गेटवे टाकतो, पिंग जातो, पहिली प्रत सुरू होते आणि साइन-ऑफच्या कागदावर सही होते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय त्या सहीनंतर सुरू होतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे: रेप्लिकेशन चालू असणे आणि ते आपण ठरवलेल्या वाटेने चालू असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट स्टोरेजच्या पडद्यावर हिरव्या ठिपक्याने दिसते. दुसरी आपणहून कुठेच दिसत नाही, ती मुद्दाम जाऊन बघावी लागते. चुकलेली वाट एरर देत नाही. पुण्याहून नाशिकला निघालेला ट्रक मुंबईमार्गे गेला तरी माल पोचतोच; जादा डिझेल कुणाच्या नावावर पडले, हे कुणी विचारेपर्यंत सगळे आलबेल असते. रूटचा दोष असाच महिनोन्‌महिने निमूट राहतो आणि नको त्या दिवशी, म्हणजे लिंक तुटते किंवा आपत्कालीन केंद्राचे (डीआर) ड्रिल असते तेव्हा, उघडा पडतो.

विषयाला नवख्या असलेल्या वाचकासाठी दोन शब्द. एका ठिकाणच्या स्टोरेजवर जे लिहिले जाते ते दुसऱ्या ठिकाणच्या स्टोरेजवर आपोआप उमटवणे म्हणजे रेप्लिकेशन. मुख्य केंद्र बुडाले, जळाले किंवा नुसतीच वीज गेली, तर दुसऱ्या केंद्रातून, म्हणजे डीआरमधून, काम सुरू करता यावे, हा हेतू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तो दिवस ज्याने पाहिला त्याला मुख्य केंद्र आणि डीआर एकाच शहरात का ठेवू नये, हे वेगळे समजावावे लागत नाही. शेअर बाजारांसारख्या संस्थांसाठी सेबीने तर हे नियमांतच घातले आहे: डीआर शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात हवा, ते जमत नसेल तर मुख्य केंद्रापासून किमान ५०० किलोमीटर दूर हवा, आणि एकही व्यवहार गमावला जाऊ नये म्हणून जवळच एक निअर साइटही हवी. म्हणजे एकाच मुख्य स्टोरेजमधून दोन प्रती निघतात. एक काही किलोमीटरवर, दुसरी शेकडो किलोमीटरवर. दोघींचे स्वभाव पूर्णपणे वेगळे असतात आणि म्हणून त्यांच्या वाटाही वेगळ्या ठेवाव्या लागतात.

जवळची प्रत सिंक्रोनस असते. सर्व्हरने एक ब्लॉक लिहिला की तो दोन्हीकडे उतरल्याची पोच मिळेपर्यंत सर्व्हरला "झाले" असे सांगितले जात नाही. दूरची प्रत एसिंक्रोनस असते. मुख्य स्टोरेज सर्व्हरला लगेच मोकळे करते आणि झालेले बदल मागाहून, गठ्ठ्यागठ्ठ्याने पाठवते. हा फरक कुणाच्या आवडीनिवडीचा नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. नवी मुंबई ते हैदराबाद रस्त्याने सुमारे ७०० किलोमीटर. फायबर अगदी रस्त्यालगत गेली असे धरले तरी जाऊन-येऊन सात मिलिसेकंद निव्वळ अंतरापायी जातात, वाटेतले राउटर आणि फायरवॉल वेगळेच. प्रत्येक लिखाणामागे एवढे थांबायचे झाले तर डेटाबेस रांगेत उभा राहतो. नेटअ‍ॅपच्या सिंक्रोनस स्नॅपमिरर या रेप्लिकेशनच्या सोयीला जाऊन-येऊन दहा मिलिसेकंदांची मर्यादा आहे. कागदावर सात मिलिसेकंद त्यात बसतात. पण मुख्य लिंक तुटून वाहतूक भलत्याच शहरातून फिरून जाऊ लागली की बसत नाहीत, आणि अशा वेळी कोणती वाट धरली जाणार, हे रूटच ठरवतो.

रूटचा हा प्रश्न मुळात आला कुठून? ईएमसी कंपनीने सिमेट्रिक्स स्टोरेजसाठी एसआरडीएफ ही रेप्लिकेशनची सोय १९९४ मध्ये आणली. त्या पिढीतली दूरची प्रत बहुधा दोन पेट्यांमधल्या राखीव तारेवरून जायची. तार हीच वाट होती. तिला फाटा नव्हता, रूट टेबल नव्हता आणि डीफॉल्ट गेटवे तर नव्हताच. पैसे भरपूर लागत, पण प्रत कुठून जाते हा प्रश्नच पडत नसे. पुढे रेप्लिकेशन आयपीवर आले. ते स्वस्त झाले, कुठूनही कुठेही जाऊ लागले, मध्यम आकाराच्या सहकारी बँकेलाही परवडू लागले. त्याबरोबर आयपीचा सगळा प्रपंचही स्टोरेजवाल्याच्या गळ्यात आला: सबनेट, गेटवे, एमटीयू, फायरवॉल, नॅट. स्टोरेजची पेटी आता नेटवर्कवरचा एक यजमान (होस्ट) झाली, आणि प्रत्येक यजमानाला असतो तसा स्वतःचा रूट टेबल तिलाही आला. माझ्या अनुभवात त्या टेबलाला बहुतेक ठिकाणी मालकच नसतो. नेटवर्क टीमला त्या पेटीत लॉगिन नसते आणि स्टोरेज टीमला रूटिंग हे आपले काम वाटत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. पुस्तकातला बराचसा भाग याच उदाहरणाचा विस्तार आहे. समजा, नवी मुंबईतल्या महापे इथल्या मुख्य केंद्रात एक स्टोरेज आहे. त्याला तीन जाळ्यांत तीन पत्ते आहेत: मॅनेजमेंटसाठी १०.१०.१.२०, सर्व्हरना एनएफएस देण्यासाठी १०.१०.२०.२० आणि रेप्लिकेशनसाठी १०.१०.५०.२०. तिन्ही जाळी /२४ ची. मॅनेजमेंटचा पोर्ट एक गिगाबिटचा, बाकीचे दहा गिगाबिटचे. हैदराबादच्या डीआरमधल्या जोडीदार स्टोरेजचा रेप्लिकेशनचा पत्ता १०.६०.५०.२०. पेटी बसवताना डीफॉल्ट गेटवे दिला गेला तो मॅनेजमेंटच्या बाजूचा, १०.१०.१.१, कारण अलर्टचे ईमेल, घड्याळ जुळवणारा एनटीपी आणि उत्पादकाकडे जाणारा कॉल-होम त्याच बाजूने जायचे होते. इथपर्यंत काहीच चुकलेले नाही.

आता रेप्लिकेशन सुरू करा. पेटीला १०.६०.५०.२० कडे जायचे आहे. ती आपला रूट टेबल बघते. तिच्या तिन्ही जाळ्यांपैकी एकातही हा पत्ता बसत नाही. त्याच्यासाठी खास रूट कुणी टाकलेला नाही. उरतो तो डीफॉल्ट. पॅकेट मॅनेजमेंटच्या पोर्टमधून बाहेर पडते. रेप्लिकेशनसाठी म्हणून विकत घेतलेला, केबल ओढलेला, स्विचवर व्हीलॅन दिलेला दहा गिगाबिटचा पोर्ट नुसता बसून राहतो. त्याचा दिवा मात्र हिरवा असतो, कारण लिंक चालू आहे.

पुढे काय होते ते पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता कोणता लिहिला जातो त्यावर अवलंबून असते, आणि इथे प्रत्येक उत्पादकाची तऱ्हा निराळी. काही पेट्या ज्या पोर्टमधून पॅकेट निघते त्याचाच पत्ता लावतात. मग हैदराबादला १०.१०.१.२० हा अनोळखी पाहुणा दिसतो आणि जोडी जुळतच नाही. यात त्यातल्या त्यात सुख आहे, कारण चूक लगेच दिसते. काही पेट्या रेप्लिकेशनचा पत्ता कायम ठेवून पॅकेट मॅनेजमेंटच्या दाराने बाहेर काढतात. १०.१०.५०.२० असे लिहिलेले पॅकेट १०.१०.१ च्या जाळ्यात दिसले की तिथला राउटर उलट-तपासणी करत असेल तर ते टाकून देतो; करत नसेल तर पुढे जाऊ देतो. जाऊ दिले की खरी गंमत. हैदराबादचे उत्तर १०.१०.५०.२० ला जायचे असल्याने ते रीतसर रेप्लिकेशनच्या लिंकवरून येते. जाण्याची वाट एक, येण्याची दुसरी. दोन्ही वाटांवर वेगवेगळे फायरवॉल असतील तर येण्याच्या वाटेवरच्या फायरवॉलने या संभाषणाची सुरुवात पाहिलेलीच नसते. तो मधूनच आलेले उत्तर बघतो आणि टाकून देतो. फायरवॉल नसतील तर सगळे चालते, फक्त जाणारा सगळा भार ऑफिसच्या ईमेलबरोबर एका गिगाबिटच्या तारेवर पडतो.

उपाय एका ओळीचा आहे. महाप्यात सांगायचे की १०.६०.५०.०/२४ कडे जायचे तर १०.१०.५०.१ या गेटवेने जा. हैदराबादला सांगायचे की १०.१०.५०.०/२४ कडे जायचे तर १०.६०.५०.१ ने जा. इकडे एक ओळ, तिकडे एक ओळ. मग त्यावर अख्खे पुस्तक कशाला, असे कुणी विचारील आणि विचारणेही रास्त आहे. ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते. पुस्तक लागते ते ती ओळ पाच-सात वर्षे खरी ठेवण्यासाठी.

कारण ती ओळ नाना प्रकारे खोटी पडते. कुणी घाईत संपूर्ण जाळ्याऐवजी फक्त एका पत्त्यासाठी, म्हणजे /३२ चा, रूट टाकतो. काम होते. वर्षभराने डीआरमध्ये दुसरा कंट्रोलर येतो, त्याचा पत्ता १०.६०.५०.२१. त्याच्यासाठी रूट नाही, त्याच्याकडची वाहतूक गपचूप डीफॉल्टने जाऊ लागते आणि अर्धे रेप्लिकेशन एका वाटेने, अर्धे दुसऱ्या वाटेने अशी विभागणी होते. नेटअ‍ॅपमध्ये दोन्ही क्लस्टरच्या प्रत्येक नोडवर इंटरक्लस्टर लिफ (दुसऱ्या क्लस्टरशी बोलण्याचा नेटवर्क-पत्ता) असावा लागतो आणि त्यांतल्या प्रत्येकाला पलीकडच्या प्रत्येकापर्यंत पोचता यावे लागते. चार नोड इकडे, चार तिकडे, म्हणजे सोळा जोड्या. पंधरा चालतात आणि एक चालत नाही अशा ठिकाणी दोष शोधणे काय असते, हे ज्याने केले आहे त्यालाच माहीत.

दुसरा प्रकार जास्त फसवा. लिनक्सवर आधारलेल्या स्टोरेजवर, किंवा घरच्या घरी डीआरबीडी हे रेप्लिकेशनचे सॉफ्टवेअर लावून दोन सर्व्हर जोडलेल्या ठिकाणी, कमांड देऊन टाकलेला रूट मशीन रीबूट होईपर्यंतच जगतो. तो कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये लिहून ठेवावा लागतो. लिहायचे राहून जाते. स्टोरेज ही वर्ष-वर्ष रीबूट न होणारी वस्तू. मग एका रविवारी पहाटे फर्मवेअर अपग्रेड होते, पेटी उठते, रूट गेलेला असतो, डीफॉल्ट असतो. ठिपका हिरवा. सोमवारी लॅग थोडा वाढलेला दिसतो. सगळे म्हणतात, महिनाअखेर आहे, लोड असणारच.

तिसरा प्रकार उत्पादकांच्या कृपेने घडतो. नेटअ‍ॅपच्या ऑनटॅप या प्रणालीत पूर्वी आयपी फास्टपाथ नावाची सोय होती. आलेल्या विनंतीचे उत्तर, रूट टेबलाकडे न बघता, ज्या दाराने विनंती आली त्याच दाराने परत जायचे. ऑनटॅप ९.२ पासून ती सोय काढून टाकली आणि उत्तरेही रूट टेबलाप्रमाणे जाऊ लागली. नेटवर्कच्या दृष्टीने नवी रीत अधिक नियमशीर आहे. पण ज्या ठिकाणी आवश्यक रूट कधी टाकलेच नव्हते आणि फास्टपाथच्या जिवावर सगळे चालले होते, तिथे अपग्रेडनंतर अचानक संपर्क तुटू लागला. त्यात अपग्रेडचा काय दोष? रूट पहिल्या दिवसापासूनच नव्हता. आयसिलॉनच्या वनएफएसमध्ये पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून वाट ठरवणारी वेगळी सोय आहे, पण ती आपणहून चालू असेलच असे नाही. सांगायचे इतकेच की 'उत्तर आल्या वाटेने परत जाईल' हे गृहीत धरण्याजोगे नाही. आपल्या पेटीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघावे आणि नंतर स्वतः तपासावे.

तपासायचे कसे, याबाबत मी जरा हट्टी आहे. स्वतःच्या लॅपटॉपवरून पिंग करून "जातंय" असे सांगणाऱ्याचे मी ऐकून घेत नाही. लॅपटॉपची वाट लॅपटॉपची. पिंग आणि ट्रेसरूट स्टोरेजच्या आतून, आणि तेही रेप्लिकेशनचा पत्ता मुद्दाम पाठवणारा म्हणून नमूद करून करावा लागतो. तोही पुरावा अर्धाच. खरा पुरावा पोर्टच्या काउंटरमध्ये असतो. रेप्लिकेशन जोरात चालू असताना दहा गिगाबिटच्या पोर्टवरचे बाहेर गेलेल्या बाइट्सचे आकडे बघा, एक मिनिट थांबा, पुन्हा बघा. मग मॅनेजमेंटच्या पोर्टचे बघा. कोणता आकडा पळतो आहे हे दिसले की वाद संपतो. दुसऱ्या टोकालाही हेच करा. याला ना परवानगी लागते ना डाउनटाइम.

एमटीयूचे, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराचे, प्रकरण पुस्तकात सर्वांत लांबले आहे, कारण सर्वाधिक रात्री तेच खाते. केंद्राच्या आत ९००० बाइटच्या जंबो फ्रेम चालतात म्हणून रेप्लिकेशनच्या पोर्टवरही ९००० लावलेले असते. टेलिकॉम कंपनीची लिंक मात्र बहुधा १५०० च्या आसपासची, आणि तिच्यावर आयपीसेकचे आवरण चढवले की त्याहूनही कमी. वाटेतल्या राउटरने अशा वेळी "पॅकेट मोठे आहे, लहान करा" असा आयसीएमपी निरोप उलट पाठवायचा असतो. ही पद्धत १९९० पासून आरएफसी ११९१ मध्ये लिहिलेली आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी फायरवॉलवर सगळे आयसीएमपी बंद करून ठेवलेले असते. निरोप पोचत नाही. मग दिसते ते असे: जोडी जुळते, लॉगिन होते, दोन्ही पेट्या एकमेकींना ओळखतात, कारण ती बोलणी लहान पॅकेटची असतात. प्रत्यक्ष डेटा सुटला की सगळे ठप्प. शून्य टक्के. पडद्यावर "ट्रान्सफरिंग". साधा पिंग मजेत जात असतो. अशा वेळी तुकडे करू नका अशी खूण लावून ८९७२ बाइटचा पिंग करावा. ९००० मधून आयपीच्या हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ गेले की उरतात ते ८९७२. तो अडला तर १४७२ चा करावा. तो गेला तर दोष कुठे आहे ते कळले. तोही अडला तर लिंकवर आवरण चढले आहे असे समजून आकडा उतरवत न्यावा. माझे मत विचाराल तर शहराबाहेर जाणाऱ्या रेप्लिकेशनसाठी जंबो फ्रेमच्या नादी लागू नये. मिळणारा फायदा किरकोळ, डोकेदुखी घाऊक.

वेगाच्या हिशोबात अंतर शिरते ते टीसीपीच्या विंडोतून, म्हणजे पोच येण्याआधी एका दमात पाठवता येणाऱ्या डेटाच्या मर्यादेतून. विंडो ६४ किलोबाइटची असेल आणि जाऊन-येऊन २० मिलिसेकंद लागत असतील, तर एका जोडणीतून सेकंदाला जेमतेम २६ मेगाबिट जातात, मग खालची लिंक एक गिगाबिटची असो वा दहा. विंडो मोठी करण्याची तरतूद १९९२ मधल्या आरएफसी १३२३ पासून आहे आणि आजच्या पेट्या ती वापरतात. पण वाटेतले एखादे जुने यंत्र ती खूण पुसून टाकते तेव्हा हाच २६ चा आकडा समोर येतो. आणि लिंक तुटून ४० मिलिसेकंदांच्या वळणाने वाहतूक गेली तर तो १३ होतो. रोज ५०० गिगाबाइट बदल होत असतील तर ते १०० मेगाबिटमधून पाठवायला अकरा तास लागतात. आता १३ मेगाबिटने किती लागतील ते वाचकाने काढावे. पर्यायी वाट आहे, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी तर काढावेच.

पर्यायी वाटेचा विषय निघाला की २४ फेब्रुवारी २०२१ ची आठवण टाळता येत नाही. त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारातले, म्हणजे एनएसईमधले व्यवहार सकाळी ११.४० ला थांबवावे लागले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू होऊन संध्याकाळी पाचपर्यंत चालले. बाजाराने नंतर दिलेल्या खुलाशानुसार मुख्य केंद्र आणि निअर साइट यांच्यामधल्या लिंक दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या होत्या. दोन्ही अस्थिर झाल्या, त्याही मुख्यतः दोन केंद्रांमधल्या रस्त्यालगतच्या खोदकाम-बांधकामामुळे. इथपर्यंत मुंबईकराला नवल वाटू नये. इथला रस्ता कधी खोदलेला नसतो? नवल पुढे आहे. निअर साइटशी संपर्क गेला तर मुख्य स्टोरेजने एकट्याने चालत राहायला हवे होते. ते तसे चालले नाही, सर्व्हरना दिसेनासे झाले आणि जोखीम-नियंत्रणाची यंत्रणा बंद पडली. फेलओव्हरचे तर्कशास्त्र बाजाराच्या आराखड्याप्रमाणे बसवलेले नव्हते, असे खुलाशात म्हटले होते. प्रत वाचवण्यासाठी उभारलेल्या वाटेने मूळच खाली ओढले. रेप्लिकेशनची वाट हा दुय्यम, मागच्या खोलीतला विषय नव्हे, हे पटवायला मला याहून मोठा दाखला माहीत नाही. पुढच्याच महिन्यात सेबीने सुधारित नियमांत अशा संस्थांसाठी आपत्ती जाहीर झाल्यापासून ४५ मिनिटांत डीआरमधून काम सुरू करणे आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त डेटा न गमावणे, या मर्यादा ठेवल्या.

यातून आपल्यासारख्यांनी घ्यायचे ते व्यवहारी आहे. दोन कंपन्यांशी करार केला म्हणजे दोन वाटा झाल्या असे नाही. दोघींच्या फायबर एकाच चरातून गेलेल्या असू शकतात. लिंक घेताना मार्गाचा नकाशा मागावा, इमारतीत फायबर कोणत्या बाजूने शिरते तेही बघावे. आणि लिंक तुटल्यावर पेटी कशी वागते ते, सुट्टीच्या दिवशी, आधी कळवून, तार प्रत्यक्ष काढून पाहावे. पडद्यावरून पोर्ट बंद करणे आणि तार काढणे यात फरक पडतो. सर्वांत वाईट असते ती अर्धवट चालणारी लिंक, जी दर काही सेकंदांनी येते-जाते. तिचा सराव मुद्दामच करावा लागतो.

डीआर ड्रिलबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. २ मार्च २०२४ च्या शनिवारी शेअर बाजारांनी खास सत्र भरवून त्याच दिवशी मुख्य केंद्रातून डीआरवर प्रत्यक्ष व्यवहार नेले. ड्रिल असे उघड आणि खरे असावे. बहुतेक संस्थांचे ड्रिल मात्र जाण्यापुरते असते, परत येण्याचे कुणी मोजत नाही. डीआर चालू झाला की रेप्लिकेशनची दिशा उलटते: आता हैदराबाद पाठवणार, महापे घेणार. रूट दोन्हीकडे असतील तर वाट अडत नाही. पण फायरवॉलचे नियम लिहिताना "महाप्याकडून हैदराबादकडे १११०४ व १११०५" अशा धाटणीने, म्हणजे नेटअ‍ॅपचे हे दोन टीसीपी पोर्ट एकाच दिशेने उघडून, काम उरकलेले असते. डेटा डोमेन या बॅकअप-स्टोरेजचा २०५१ हा पोर्टही असाच एका बाजूने उघडलेला असतो. शनिवारचे ड्रिल यशस्वी झाल्याचा ईमेल जातो आणि रविवारी रात्री डेटा परत आणताना पोर्ट बंद सापडतो. तेव्हा चेंज रिक्वेस्ट मंजूर करणारे साहेब झोपलेले असतात.

नॅटबद्दल, म्हणजे वाटेत पत्ते बदलण्याबद्दल, थोडक्यात. दोन बँका किंवा दोन कंपन्या एकत्र आल्या की दोघींच्याही घरात १०.१० ची जाळी निघतात, कारण खासगी पत्त्यांची ही रास १९९४ पासून सर्वांना फुकट आहे. मग मधे नॅट घालण्याचा मोह होतो. पुष्कळ रेप्लिकेशन यंत्रणा आपला पत्ता पॅकेटच्या पोटातही एकमेकींना सांगतात आणि नॅट तो बदलत नाही. जोडी जुळता जुळता तुटते. रेप्लिकेशनचे जाळे तेवढे नव्या पत्त्यांवर हलवावे, हे माझे स्पष्ट मत. ते काम कंटाळवाणे आहे, पण एकदाच करायचे असते.

पुस्तक कोणासाठी, तर ज्यांच्या हातात स्टोरेजचा पासवर्ड आहे पण सबनेट मास्क बघितला की जे नेटवर्कच्या मित्राला फोन लावतात त्यांच्यासाठी. आणि त्या मित्रासाठीही, ज्याला स्टोरेज म्हणजे एक काळी पेटी वाटते. ऐरोली, महापे, रबाळे इथल्या केंद्रांत रात्रपाळी करणारी मराठी मुले-मुली ही बोलणी मराठीतच करतात. मॅन्युअल तेवढी इंग्रजीत असतात आणि तीही एका वेळी एकाच उत्पादकाची. मी शक्यतो कोणत्याही एका ब्रँडला धरून लिहिलेले नाही. सराव ज्यांना घरी करायचा आहे त्यांनी डीआरबीडी घ्यावे. ते २०१० पासून, २.६.३३ आवृत्तीपासून, लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे आणि दोन व्हर्च्युअल मशीन व मधे एक राउटर एवढ्यावर या प्रस्तावनेतला प्रत्येक दोष लॅपटॉपवर घडवून बघता येतो. एन्क्रिप्शन, क्लाउडकडे जाणारे रेप्लिकेशन आणि आयपीव्ही६ या विषयांना इथे फक्त स्पर्श केला आहे. ते प्रत्येकी वेगळ्या पुस्तकाचे विषय आहेत आणि ती पुस्तके माझ्यापेक्षा जाणकार माणसांनी लिहावीत.

वाचकाला एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी आपल्या दोन्ही टोकांच्या स्टोरेजवरचा रूट टेबल छापून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा. रेप्लिकेशन ज्या ओळीवरून जाते त्या ओळीखाली दोन्ही कागदांवर पेन्सिलीने रेघ ओढा. त्यासाठीची खास ओळ दोन्हीकडे सापडली तर क्रमाने वाचा. रेघ डीफॉल्टखाली ओढावी लागली, मग ती एका बाजूला का असेना, तर थेट तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा. पहिली दोन नंतर वाचली तरी चालतील.